तिसऱ्या पवनचक्कीचा वारा

तक्रार एका ओळीची होती. रांगेतली तिसरी पवनचक्की वीज कमी देते, गिअरबॉक्स तपासावा.

पश्चिम घाटाचे दक्षिण टोक जिथे संपत येते, तिथे कन्याकुमारी जिल्ह्याच्या सीमेवर आरल्वायमोळीची खिंड आहे. मे महिन्याच्या अखेरीस नैऋत्य मोसमी वारे केरळच्या बाजूला पाऊस टाकतात आणि कोरडे होऊन या खिंडीतून पूर्वेकडे घुसतात. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे त्यांना पसरायला जागा मिळत नाही, म्हणून त्यांचा वेग वाढतो. खिंडीच्या तोंडाशी मुप्पंदल आहे. सुमारे १,५०० मेगावॅट क्षमतेच्या पवनचक्क्या या परिसरात उभ्या आहेत. त्यांतल्या अनेक जुन्या आहेत आणि फार दाटीने उभ्या आहेत. नारळीच्या बागा, केळीची शेते आणि त्यांच्यामधून डोकावणारी पांढरी पाती असे ते दृश्य आहे. प्रवासी त्याची छायाचित्रे काढतात. ज्याला वाऱ्याचा हिशेब ठेवायचा आहे, त्याला मात्र तिथली दाटी आधी दिसते.

२०२३ च्या जूनमध्ये अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी उन्हाळी प्रशिक्षणासाठी तिथे आली. ती मूळची साताऱ्याकडची. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या तिने शाळेच्या सहलीत पाहिल्या होत्या, आणि त्या 'वारा निर्माण करतात' असे तेव्हा तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटले होते. प्रशिक्षणात तिच्या वाट्याला ही तक्रार आली, कारण ती कुणालाच नको होती. तिसऱ्या चक्कीचा गिअरबॉक्स एकदा उघडून झाला होता. पाती पुसून झाली होती. वातकुक्कुट बदलला होता. तरीही मालकाचे पत्र पुन्हा आले. त्याची आणखी एक चक्की शेजारच्या रांगेत अगदी पुढे होती. यंत्र तेच, वयही तेच. मग एक भरभरून वीज देते आणि दुसरी का देत नाही, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

नोंदी ठेवणारे ऑपरेटर तिथे वीस वर्षांहून अधिक काळ होते. सगळे त्यांना 'अण्णा' म्हणत. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, तेव्हा मराठी मुलीला ते संबोधन परके वाटले नाही. ते तिला 'अम्मा' म्हणत. यंत्रे २२५ किलोवॅटची आणि २७ मीटर व्यासाची, म्हणजे आजच्या मानाने बाहुलीएवढी. त्यांची दहा-दहा मिनिटांची माहिती साठवणारी व्यवस्था नव्हती. अण्णा रोज सकाळी मीटर वाचून आकडे जाड नोंदवहीत लिहीत. तिने पहिले चार दिवस फक्त ती वही उतरवून काढली.

पाचव्या दिवशी तिला दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की दुसरी चक्कीही तिसरीइतकीच मागे होती, पण तिच्या मालकाने कधी तक्रार केली नव्हती. दुसरी अधिक विचित्र होती. ज्या दिवशी वारा अगदी पिसाळलेला असे, त्या दिवशी तिन्ही चक्क्यांचे आकडे जवळपास सारखे असत. वारा मध्यम असला की मागच्या दोघी घसरत, कधी चौथ्या हिश्श्याने, कधी त्याहून जास्त. बिघडलेला गिअरबॉक्स जोराच्या वाऱ्यात बरा होत नाही. म्हणजे दोष यंत्रात नसून यंत्रापर्यंत पोचणाऱ्या वाऱ्यात होता.

पवनचक्की वीज देते याचा अर्थ ती वाऱ्यातली ऊर्जा काढून घेते. काढून घेतलेली वस्तू मागे उरत नाही. अल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की कोणतीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा घेऊ शकत नाही, कारण सगळी घेतली तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि नव्या हवेला जागा उरणार नाही. त्या आदर्श स्थितीतही पात्यांमागच्या हवेचा वेग मूळ वेगाच्या एक तृतीयांशावर येतो. मंदावलेल्या आणि घुसळलेल्या हवेचा हा पट्टा मागे लांबवर जातो. नाव पुढे गेल्यावर पाण्यावर वाट उमटते, तसा. अभियंते त्याला वेक म्हणतात. वाऱ्याची सावली म्हटले तरी चालेल, फक्त ही सावली डोळ्यांना दिसत नाही.

एकदा मात्र ती दिसली. १२ फेब्रुवारी २००८ रोजी डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह या समुद्री पवनक्षेत्रावरून जाताना एका हेलिकॉप्टरमधून छायाचित्र घेतले गेले. त्या दिवशी हवेची स्थिती अशी जुळून आली होती की प्रत्येक चक्कीमागे धुके दाटले, आणि ८० चक्क्यांचे वेक पांढऱ्या शेपटांसारखे समुद्रावर उमटले. पुढच्या रांगेचे शेपूट मागच्या रांगेला गिळते आहे, तिचे त्याच्या मागच्या रांगेला. पवनऊर्जेच्या बहुतेक प्रत्येक अभ्यासक्रमात हे चित्र दाखवतात. चक्क्यांमधले अंतर तिथे सात व्यासांचे, म्हणजे ५६० मीटर आहे. आरल्वायमोळीच्या त्या रांगेत ते पाच व्यासांचे, जेमतेम १३५ मीटर होते.

विद्यार्थिनीकडे महासंगणक नव्हता. एक लॅपटॉप होता, आणि वसतिगृहातली वीज रात्री दोनदा जाई. तिने सर्वांत जुन्या, सर्वांत साध्या मॉडेलपासून सुरुवात केली. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतील निल्स ओटो येन्सेन यांनी १९८३ मध्ये पवनचक्क्यांच्या परस्परक्रियेवर एक छोटे टिपण लिहिले. त्यात मांडलेली कल्पना शाळकरी भूमितीची आहे. वेक म्हणजे पात्यांपासून सुरू होणारा आणि मागे सरळ रेषेत रुंदावत जाणारा शंकू. शंकूच्या आत कोणत्याही एका अंतरावर वेग सगळीकडे सारखाच कमी. शंकूच्या बाहेर जणू काही घडलेच नाही. शंकू रुंदावतो तशी बाजूची ताजी हवा आत येते आणि तूट पातळ होत जाते. किती रुंदावतो, हे एका आकड्याने ठरते. जमिनीवर तो साधारण ०.०७५ धरतात, समुद्रावर ०.०४ च्या आसपास.

हा हिशेब वहीच्या पानावर करता येतो, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो एकदा हाताने करून पाहावा असाच आहे. चक्की वाऱ्याला किती अडवते हे सांगणारा थ्रस्ट गुणांक ०.८ धरला, तर पात्यांच्या लगेच मागे वेगातली तूट सुमारे ५५ टक्के येते. पाच व्यास म्हणजे दहा त्रिज्या. तिथे शंकूची त्रिज्या १ अधिक ०.७५, म्हणजे १.७५ पट झालेली असते. तूट या संख्येच्या वर्गाने भागायची: ५५ भागिले ३.०६, म्हणजे सुमारे १८ टक्के. वेग ८२ टक्के उरला. नुकसान एवढेच, असे वाटून माणूस पेन खाली ठेवतो आणि इथेच फसतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. ०.८२ चा घन ०.५५. वेग अठरा टक्क्यांनी घटला आणि वीज पंचेचाळीस टक्क्यांनी.

तिसरीवर दोघींची सावली पडते: दुसरीची पाच व्यासांवरून, पहिलीची दहा व्यासांवरून. या सावल्यांची बेरीज कशी करायची? कातिच, हॉयस्ट्रुप आणि येन्सेन यांनी १९८६ मध्ये सुचवले की तुटींचे वर्ग करावेत, ते मिळवावेत आणि वर्गमूळ घ्यावे. या कृतीमागे भक्कम भौतिकी आहे असे कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. ती वापरतात, कारण तिने दिलेले उत्तर मोजमापांशी बऱ्यापैकी जुळते. १८ आणि ९ टक्क्यांची अशी बेरीज २७ न येता सुमारे २० येते. तिसरीची वीज ५१ टक्के, दुसरीची ५५. म्हणजे मोठी पडझड पहिली ते दुसरी या टप्प्यातच होते. पुढे रांग कितीही लांबली तरी घसरण मंद असते. दुसरी आणि तिसरी वहीत सारख्याच मागे का होत्या, याचे उत्तर १९८६ च्या त्या वर्गमुळात होते.

पिसाळलेल्या वाऱ्याच्या दिवसांचेही कोडे सुटले. प्रत्येक चक्कीची एक कमाल क्षमता असते. वारा त्या क्षमतेला पुरून उरण्याइतका जोरात असला, की मागच्या चक्कीच्या वाट्याला ८० टक्के वेग आला तरी ती भरून चालते. वेक तेव्हाही असतो. फक्त मीटरला तो कळत नाही.

पण वहीतली तूट चौथ्या हिश्श्याची आणि मॉडेलची जवळपास निम्मी. तिने आकडे तीनदा तपासले. मग ध्यानात आले की मॉडेलने वारा रांगेच्या नेमक्या दिशेने धरला आहे. येन्सेनचाच शंकू घेतला, तर वाऱ्याची दिशा रांगेपासून सुमारे १५ अंशांहून अधिक कलली की लगतच्या चक्कीची सावली मागचीला चुकवून निघून जाते. खिंडीतला वारा पश्चिमेचा असला तरी तासातासाला थोडा डोलतो. दिवसाच्या बेरजेत सावलीचे तास आणि मोकळे तास मिसळून गेले होते. आणि वहीत दिशेचा रकानाच नव्हता.

येन्सेनच्या मॉडेलबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण त्याचे यश विद्यार्थ्यांना कोड्यात टाकते. खरा वेक सरळ रेषेत रुंदावत नाही. तो नागमोडी डोलतो. त्याच्या मध्याशी तूट जास्त आणि कडेला कमी असते. २०१४ मध्ये बस्तांखाह आणि पोर्ते-आजेल यांनी घंटेच्या आकाराच्या वक्राने ती मांडली आणि मोजमापांशी अधिक चांगली जुळवून दाखवली. वेक मागे बरा होतो तो प्रामुख्याने वरून खाली उतरणाऱ्या हवेमुळे. अतिविशाल पवनक्षेत्रात तर ऊर्जेचा जवळपास सगळा पुरवठा समोरून न होता वरून होतो. यांतले येन्सेनला काहीच ठाऊक नाही. तरी नियोजनाच्या संगणकप्रणालींमध्ये ते मॉडेल दशकानुदशके टिकले, कारण त्याला विचारला जाणारा प्रश्नच ढोबळ होता: वर्षभरात एकूण वीज किती मिळेल? वर्षात सगळ्या दिशा येतात, सगळे वेग येतात, आणि इकडची चूक तिकडची चूक खाऊन टाकते. सरासरीच्या आडोशाला साधे मॉडेल सुखाने जगते.

त्याला 'आज रात्री दहा वाजता तिसरीला किती वारा मिळेल' असे विचारले, की आडोसा जातो. दिवसा जमीन तापते, हवा वरखाली ढवळली जाते आणि वेक लवकर पुसला जातो. रात्री जमीन थंड झाली की थरांवर थर शांत बसतात आणि तोच वेक कितीतरी लांबपर्यंत अखंड जातो. राजस्थानच्या वाळवंटात दिवसरात्रीचा हा फरक फार तीव्र असतो. हवेच्या मोठ्या भोवऱ्यांचे तपशीलवार अनुकरण करणारी संगणकीय पद्धत हे सगळे पकडते, पण काही मिनिटांच्या वाऱ्यासाठी महासंगणकाचे कित्येक तास खाते. वारा बदलण्याआधी उत्तर हवे असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून या क्षेत्रातली खरी चढाओढ सर्वांत अचूक मॉडेलसाठी नसते. काय विसरले तरी चालेल, हे ओळखणाऱ्या मॉडेलसाठी असते.

वायव्य भारतातल्या एका पवनक्षेत्रावर झालेला प्रयोग तिने याच सुमारास वाचला. ऑगस्ट २०२२ मध्ये 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला होता. एमआयटीचे मायकेल हॉवलँड आणि कॅलटेकचे जॉन डाबिरी यांच्यासोबत सीमेन्स गमेसा आणि भारतातील रिन्यू पॉवर या कंपन्यांचे अभियंते त्यात होते. भारतात त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे म्हणणे भाग आहे.

कल्पना अशी. प्रत्येक चक्की आपले तोंड नेमके वाऱ्याकडे ठेवते, कारण तिला स्वतःची वीज जास्तीत जास्त करायची असते. पुढच्या चक्कीने तोंड जाणूनबुजून थोडे तिरके केले तर तिची स्वतःची वीज घटते. २० अंशांच्या कलाला प्रचलित ठोकताळ्यांप्रमाणे साधारण १२ ते १७ टक्क्यांनी. पण तिरक्या पात्यांमागचा वेकही तिरका होतो. काही अंशच वाकतो, तरी पाच व्यास मागे पोचेपर्यंत व्यासाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा बाजूला सरकतो, आणि मागच्या चक्कीच्या अंगावरची सावली अंशतः उतरते. पुढचीने गमावले त्याहून मागचीने अधिक मिळवले, तर क्षेत्राचा एकूण फायदा.

ही कल्पना नवी नव्हती. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात हॉवलँड आणि सहकाऱ्यांनी सहा चक्क्यांवर ती करून पाहिली होती आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केली होती. ठरावीक दिशेच्या रात्रीच्या वाऱ्यात वीज ७ ते १३ टक्के वाढली, मंद वाऱ्यात त्याहून पुष्कळ अधिक. पण त्या जागी वर्षाच्या एकूण विजेत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. वायव्य भारतातल्या प्रयोगाचे वेगळेपण दुसरीकडे आहे. संशोधकांनी मॉडेलकडून सर्वोत्तम कोन विचारून लगेच तो लावला नाही. आधी काही महिने त्यांनी चक्क्या अनेक निरनिराळ्या कोनांत चालवल्या, आणि त्यांतले बहुतेक कोन सर्वोत्तम नाहीत हे ठाऊक असताना चालवल्या. म्हणजे चालत्या, वीज विकणाऱ्या क्षेत्रात काही महिने जाणूनबुजून नको त्या कोनांवर यंत्रे ठेवली.

हे का करावे लागते, हा प्रश्न तिला दोन दिवस पुरला. समजा मॉडेल म्हणाले, वीस अंश. वीस अंश लावले आणि वीज वाढली. यावरून मॉडेल बरोबर ठरते का? कदाचित दहा अंशांत त्याहून जास्त वाढली असती. कदाचित मॉडेलने दोन ठिकाणी चूक केली आणि त्या एकमेकींना खाऊन गेल्या. एकाच कोनावर उभे राहून शिखर गाठले की नाही ते कळत नाही. उतार दोन्ही बाजूंनी उतरून पाहावा लागतो. तसे पाहिल्यावर बहुतेक दिशांसाठी मॉडेलने सांगितलेला कोन प्रत्यक्षातल्या सर्वोत्तम कोनाच्या ५ अंशांच्या आत निघाला. त्या कोनांवरची वाढ ११ ते ३२ टक्के होती. मगच दुसरा कित्येक महिन्यांचा प्रयोग झाला, त्यात मॉडेलच्या सल्ल्यानुसार क्षेत्र चालवले. सेकंदाला ६ ते ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात ऊर्जा ३ टक्के वाढली, आणि सगळे वेग धरता १.२ टक्के, दुसऱ्या आकड्याची अनिश्चितता ०.४ टक्क्याची.

बत्तीसवरून एक पूर्णांक दोनवर येताना वाचकाचा चेहरा पडतो. पडू नये. पहिला आकडा सावली नेमकी अंगावर असलेल्या घटकेचा आहे, दुसरा सगळ्या ऋतूंतल्या सगळ्या घटकांचा. भारतात पवनऊर्जेची स्थापित क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॅटच्या पुढे गेली आणि वर्षाला सुमारे ८,३०० कोटी युनिट वीज वाऱ्यापासून मिळते. तिच्या १.२ टक्के म्हणजे १०० कोटी युनिट, तेही एकही नवे पाते न बसवता. अर्थात हा गुणाकार कागदावरचा आहे. एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेला लागू पडत नाही, आणि वेकचे शास्त्र शिकलेल्या माणसाने तरी तो मोह टाळायला हवा.

तिने मोह टाळला नाही. आरल्वायमोळीच्या त्या तीन चक्क्यांसाठी तिने रात्रभर बसून हिशेब मांडला. पहिली वीस अंश तिरकी. तिचे नुकसान अमुक, दुसरीचा आणि तिसरीचा फायदा तमुक, एकूण बेरीज धन. सकाळी ती कागद घेऊन अण्णांकडे गेली. जुन्या यंत्रात तोंड तिरके धरण्याची सोयच नाही, वातकुक्कुट दाखवेल तिकडे ते वळणार, हे तिला माहीत होते. त्यावरही तिने उपाय लिहून आणला होता. अण्णांनी कागद नीट वाचला. मग म्हणाले,

"अम्मा, गणित चुकलेलं नाही. पण पहिली चक्की कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"पहिली एका गिरणीची. दुसरी कोइमतूरच्या एका शेटजींची. तिसरीचा मालक पत्रं पाठवतो तो. पहिलीचे युनिट कमी झाले तर गिरणीला मी काय सांगू? तुमचा वारा मागच्या घरी दिला म्हणून?"

तिला हसू आले, मग आले नाही.

आरल्वायमोळीची ही दाटी भूगोलाने जितकी घडवली तितकीच करकायद्याने. पवनचक्क्यांवर घसाऱ्याची मोठी सवलत होती. एके काळी पहिल्याच वर्षी १०० टक्के, पुढे ८०, आणि २०१७ पासून ४०. कर वाचवण्यासाठी सूतगिरण्यांनी, कारखानदारांनी, व्यापाऱ्यांनी एकेक, दोन-दोन चक्क्या घेतल्या. गिरण्यांना त्यांची वीज स्वतःसाठीही वापरता आली. तमिळनाडूतल्या पवनऊर्जेची भरभराट यातून झाली हे खरे. पण त्यामुळे एकाच रांगेत, एकाच वाऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रांचे मालक, मीटर आणि ताळेबंद वेगवेगळे झाले. दोन चक्क्यांमध्ये आडवे पाच आणि वाऱ्याच्या दिशेने सात व्यास अंतर असावे, हा दंडक भारतात पुष्कळ काळ वापरात होता. तो शेजाऱ्यांमधले भांडण मिटवण्यापुरता होता. सात व्यासांवरही येन्सेनचे मॉडेल समोरासमोरच्या वाऱ्यात ३५ टक्के वीज गेलेली दाखवते. अंतराचा नियम सावली पातळ करतो, नाहीशी करत नाही.

वायव्येतल्या प्रयोगात ही अडचण आली नाही, कारण चक्क्या एकत्र चालवता येत होत्या. एकीचे नुकसान आणि दुसरीचा फायदा एकाच वहीत पडत होता. हवेचे समीकरण दोन्हीकडे एकच आहे. फरक मीटरच्या मागच्या नावांचा आहे, आणि ते नाव कोणत्याही वेक मॉडेलमध्ये चल म्हणून येत नाही. जुन्या चक्क्या काढून त्या जागी थोड्या पण मोठ्या बसवण्याचे केंद्राचे सुधारित धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आले. २७ मीटरच्या जागी १२० किंवा १४० मीटर व्यासाचे यंत्र आले की जुन्या पाच-सहा मालकांच्या जमिनीवर एकच चक्की मावते आणि तिचा वेक पलीकडच्या आणखी पाच-सहांच्या अंगावर जातो. तेव्हा आधी करार करावा लागेल, कोन नंतर ठरवता येईल. वाऱ्यातली तूट वाटून घेण्याचा करार लिहिताना दोन्ही बाजूंना पटेल असे मॉडेल लागेल. नको त्या कोनांवरही जे तपासले गेले आहे, असे मॉडेल तिथे उपयोगी पडेल. कारण ज्याचे नुकसान होणार आहे तो मालक नेमका तोच प्रश्न विचारील.

समुद्रावरची गोष्ट आणखी निराळी. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या समुद्री पवनप्रकल्पांसाठी केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. समुद्रावर हवा कमी घुसळते, म्हणून वेक लांब टिकतो. वर केलेलाच हिशेब सात व्यासांसाठी आणि ०.०४ धरून केला तर मागच्या चक्कीची निम्म्याहून अधिक वीज गेलेली दिसते. २०१९ मध्ये ओर्स्टेड या डॅनिश कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की वेकचे आणि क्षेत्रासमोर वारा तुंबण्याचे परिणाम आपण कमी धरले होते, म्हणून विजेचे अंदाज खाली आणत आहोत. इतका अनुभव गाठीशी असलेल्या कंपनीवर ती वेळ आली. तमिळनाडूच्या समुद्रात पहिला खांब रोवण्याआधी हे उदाहरण कुणीतरी फायलीच्या वरच्या पानावर लावायला हवे.

जुलैच्या अखेरीस विद्यार्थिनीने अहवाल दिला. तिसऱ्या चक्कीत दोष नाही. गिअरबॉक्स पुन्हा उघडू नये. दुसऱ्या चक्कीचे नुकसानही जवळपास तेवढेच असून तिच्या मालकाला ते कळवावे. पहिलीचे तोंड वळवण्याचा हिशेब तिने परिशिष्टात ठेवला आणि त्यावर 'तूर्त अमलात आणण्याजोगे नाही' असे लिहिले. 'तूर्त' हा शब्द मार्गदर्शकांनी काढायला सांगितला. तिने तो राहू दिला.

तिसरीच्या मालकाने अहवाल वाचून एकच प्रश्न फोनवर विचारला: मग पहिल्या चक्कीने माझा वारा घेतला त्याचे पैसे कोण देणार? तिच्याजवळ उत्तर नव्हते. वारा कुणाचा असतो, हे अभियांत्रिकीच्या कोणत्याही विषयात शिकवलेले नव्हते.

निघायच्या दिवशी ती नोंदवही परत द्यायला गेली. अण्णा वहीच्या पुढच्या कोऱ्या पानांवर पट्टी ठेवून पेन्सिलीने उभ्या रेघा मारत होते. तारीख, पहिली, दुसरी, तिसरी, आणि शेवटी नवा, जरा रुंद रकाना. त्यांनी वर तमिळमध्ये काहीतरी लिहिले. तिने काय लिहिले ते विचारले.

"दिशा," ते म्हणाले. "सकाळ, दुपार, रात्र, तीन वेळा. खांबावर मोजणी आहेच, फक्त कुणी उतरवून घेत नव्हतं."